विंडोज ११ वर जायचं का? आधी कामाची यादी, मग मशीन

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची अपडेट थांबली आणि त्या आठवड्यात मला तीन फोन आले. पहिला काकांचा. "कॉम्प्युटर आता चालू होणार नाही का रे?" दुसरा वहिनीचा. तिच्या लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर सूचना येत होती, तिला हो म्हणायचं की नाही ते कळेना. तिसरा एका गिऱ्हाइकाचा. एका दुकानात त्याला सांगितलं होतं, "भिया, इसमें इलेवन नहीं चलेगा, नया ही ले लो."

मी इंदूरला सुदामा नगरात राहतो आणि दुकानदारांच्या हिशेबाची कामं करतो. मी इंजिनियर नाही. पण माझ्या ऑफिसचा डेस्कटॉप, वहिनीचा लॅपटॉप आणि काकांचं जुनं मशीन या तिन्हींचा निर्णय मलाच घ्यावा लागला. दोन मशीनं ११वर गेली, एक मी मुद्दाम नेलं नाही. त्यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली आणि दोन दिवस घरात कुणाला झोप नव्हती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

१. आधी तारखा नीट समजून घ्या

विंडोज १० जुलै २०१५मध्ये आली, विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये. १०ची मुदत संपली म्हणजे मशीन बंद पडत नाही. हिशेबाची टॅली उघडते, प्रिंटर चालतो, फोटो दिसतात. थांबतं ते एवढंच, की विंडोजमध्ये नवी फट सापडली तर ती बुजवणारं अपडेट तुमच्यापर्यंत येत नाही. पहिल्या दिवशी त्यानं काहीच बिघडत नाही, पण दर महिन्याला धोका थोडा वाढतो. ज्या मशीनवरून नेट बँकिंग करता त्याला तो सर्वांत जास्त.

दुसरा परिणाम आणखी उशिरा दिसतो. विंडोज ७ची मुदत जानेवारी २०२०मध्ये संपली होती, तरी क्रोम त्यावर २०२३च्या सुरुवातीपर्यंत नवा होत राहिला. मग तो थांबला आणि हळूहळू साइट कुरकुरायला लागल्या. १०चंही कधीतरी तसंच होईल. म्हणून घाईनं आज रात्री काही करू नका, पण विषय बासनातही बांधून ठेवू नका.

विचार करायला वेळ हवा असेल तर घरगुती मशीनसाठी सुरक्षा अपडेट वाढवून घेण्याची सोय आहे. तिचं नाव ईएसयू (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स) आणि ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. तिच्याबद्दल पाचव्या टप्प्यात.

२. कामाची यादी करा, मशीनकडे नंतर बघा

बहुतेक जण उलट करतात. आधी मशीन ११ला चालतं का ते बघतात, "हो" आलं की बटण दाबतात, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की डिजिटल सहीचं टोकन ओळखलंच जात नाहीये. एक कोरा कागद घ्या आणि आठवडाभर त्या मशीनवर जे जे करता ते लिहीत जा. विशेषतः हे:

डिजिटल सही. जीएसटी किंवा कंपनीच्या कामासाठी यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम) ११साठी मिळतो का, ते टोकन देणाऱ्याला आधीच विचारा. टोकनचा पासवर्डही कागदावर उतरवून ठेवा. बऱ्याच जणांचा तो ब्राउझरमध्येही नसतो आणि डोक्यातही नसतो.

टॅली. नुसतं अपग्रेड करणार असाल तर ती सहसा जागच्या जागी राहते. पण फॉरमॅट करून नवी विंडोज टाकणार असाल तर आधी टॅलीतून लायसन्स सरेंडर करा. ते राहून गेलं की तेच लायसन्स पुन्हा चालू करायला नसती धावपळ होते. टॅली लायसन्सचा सीरियल नंबर आणि ते ज्या ईमेलवर आहे तो ईमेलही लिहून घ्या.

प्रिंटर आणि स्कॅनर. मॉडेलचं पूर्ण नाव लिहा आणि कंपनीच्या साइटवर ११चा ड्रायव्हर आहे का ते बघा. आपल्याकडे दहा-बारा वर्षं चाललेले लेझर प्रिंटर घरोघरी आहेत आणि ते टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही. धजूही नये. त्यासाठीच आधी बघायचं.

जुने डॉसचे (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचे) प्रोग्राम. हा मुद्दा सविस्तर सांगतो, कारण तो आपल्या मंडळांना, पतपेढ्यांना आणि जुन्या दुकानांना थेट लागू आहे. काका ज्या मंडळाचा हिशेब बघतात त्याची सभासद-नोंद आणि वर्गणी फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या एका डॉस प्रोग्राममध्ये आहे. कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी लिहून दिलेला, आणि आजही बिनचूक चालणारा. असे प्रोग्राम १६ बिटचे असतात. ते फक्त ३२ बिट विंडोजवर चालतात, आणि विंडोज ११ ही ६४ बिटमध्येच येते. म्हणजे काकांच्या मशीनवर ११ टाकली असती तर तो प्रोग्राम उघडलाच नसता. जुन्या डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्ससारखं साधन वापरून ६४ बिटवर तो उघडता येतो, मी करून बघितलं. पण पावती छापायला वेगळा खटाटोप लागतो, आणि काकांना तर पावतीच हवी असते.

तुमचं मशीन ३२ बिट आहे का हे सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे "सिस्टिम टाइप" या ओळीत दिसतं. ३२ बिट १०वरून ११वर सरळ अपग्रेड होत नाही. पुसून नव्यानंच टाकावी लागते.

मराठीतल्या जुन्या फाइली. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, टाइप केलेला मजकूर कुठेही मराठीच दिसतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. काकांनी टाइप केलेले भजनांचे ३०० कागद अशाच एका डोंगलवर (मशीनला लावायच्या लायसन्सच्या खुंटीवर) चालणाऱ्या प्रोग्राममधले होते. जुनं मशीन चालू असतानाच असे कागद युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर निदान पाच पानं नजरेखालून घाला, खास करून "तऱ्हा", "दुसऱ्या", "वाऱ्यावर" असे शब्द. बदलताना ऱ्य आणि ऱ्हचीच सर्वांत जास्त मोडतोड होते. शिवाय प्रत्येक कागदाची पीडीएफ काढून ठेवा. फॉन्ट गेला तरी ती वाचता येते.

युनिकोडवाल्यांसाठीही एक सूचना. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट नव्याने टाकलेल्या १० किंवा ११मध्ये आपोआप असतीलच असं नाही. कागद उघडल्यावर अक्षराचं वळण बदललेलं दिसलं, ओळी इकडेतिकडे सरकल्या, तर घाबरू नका. सेटिंग्जमध्ये "ऑप्शनल फीचर्स" शोधा आणि तिथून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्या. फुकट आहेत.

३. आता मशीन बघा

मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" नावाचं छोटं साधन आहे. त्यांच्याच साइटवरून उतरवून घ्या आणि "चेक नाऊ" दाबा. ते हो किंवा नाही सांगतं, आणि नाही असेल तर कशामुळे तेही सांगतं. किमान अटी अशा: ६४ बिटचा मान्य यादीतला प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना अस्सल विंडोजच उघडते ना ते तपासण्याची) सोय, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप.

४ जीबी ही कागदावरची अट आहे. त्यावर ११, क्रोम आणि टॅली एकत्र चालवाल तर चहा होईपर्यंत पान उघडत नाही. ८ जीबी धरा. आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. माझ्या ऑफिसच्या मशीनला सर्वांत जास्त फरक कशानं पडला असेल तर एसएसडीनं, विंडोजनं नव्हे.

इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. पिढी ओळखताना एक गडबड हमखास होते. आय५-७२०० म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५० म्हणजे आठवी, इथवर सोपं आहे. पण आय५-११३५ पहिल्या पिढीचा नाही, तो अकराव्या पिढीचा आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाला हाच आकडा दाखवून "बहुत पुराना है" सांगितलं होतं, आणि त्याचा लॅपटॉप ११वर अगदी व्यवस्थित चालतो आहे. एएमडी रायझनमध्ये २००० मालिकेतले काही प्रोसेसर बसतात, काही बसत नाहीत. तिथे आकड्यावरून अंदाज न बांधता हेल्थ चेक म्हणेल ते माना.

४. "नाही" आलं तरी थांबा: टीपीएम आणि बायोस

माझा ऑफिसचा डेस्कटॉप जेल रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवलेला आहे. त्यात आय५-९४००, म्हणजे नववी पिढी. तरी हेल्थ चेकनं नाही म्हटलं, कारण टीपीएम सापडेना. चिप नव्हती असं नाही. ती बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेली होती. जुळवलेल्या मशीनमध्ये हे फार वेळा दिसतं, आणि इथेच माणूस विनाकारण नवं मशीन घेतो.

इंटेलच्या बोर्डवर त्या सेटिंगचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, ते चालू करा, सेव्ह करून बाहेर या. मग विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, सिक्युरिटी प्रोसेसर डिटेल्स इथे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसायला हवी.

सिक्युअर बूटला मात्र असा सरळ हात घालू नका. आधी स्टार्टमध्ये "सिस्टिम इन्फर्मेशन" शोधून "बायोस मोड" ही ओळ बघा. तिथे "लेगसी" असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. अशा वेळी बायोस नुसता यूएफआयवर टाकला तर विंडोज उघडतच नाही. डिस्क आधी जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागते. त्याचं साधन विंडोज १०मध्येच आहे आणि डेटा न पुसता ते काम होतं, पण बॅकअप घेतल्याशिवाय नको. मी हे काम जाणत्या मुलाकडून शेजारी बसून करून घेतलं.

आता माझी चूक. वहिनीचा लॅपटॉप आठव्या पिढीचा, हेल्थ चेकनं लगेच हो म्हटलेला. मी जास्तीचा शहाणपणा करून अपग्रेडच्या आधी बायोसचं अपडेट घेतलं. लॅपटॉप पुन्हा चालू झाला तो निळ्या पडद्यावर, ४८ आकड्यांची बिटलॉकर रिकव्हरी की मागत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे बिटलॉकरनं कुलूपबंद केलेली, आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. खातं उघडायला गेलो तर वहिनीचा ईमेल तिथे नव्हताच. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलानं स्वतःच एक नवा ईमेल बनवून त्यावर खातं उघडून दिलं होतं. वहिनीचे शाळेचे पेपर, मुलीच्या बारशापासूनचे फोटो, सगळं त्या ४८ आकड्यांच्या मागे अडकलेलं. दुसऱ्या रात्री बिलांच्या फाइलमध्ये वॉरंटी कार्डाच्या मागे पेनानं लिहिलेला तो ईमेल आणि पासवर्ड सापडला, म्हणून वाचलो.

म्हणून बायोसला हात लावण्याआधी तीन गोष्टी करा. मशीन कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर आहे ते सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली बघा. ते खातं फोनवरून उघडून बघा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ते काम होईपर्यंत थांबवून ठेवा. आज अपग्रेड करणार नसाल तरी पहिल्या दोन गोष्टी आजच करा.

५. तीन वाटा

यादी आणि मशीन दोन्ही "हो" म्हणत असतील तर ११वर जा. अस्सल विंडोज १० असेल तर ११ फुकट मिळते. होमची होम, प्रोची प्रो. त्यासाठी दुकानात कुणी विंडोजचे पैसे मागितले तर देऊ नका. काम करण्याची मजुरी वेगळी, ती द्यावी. स्वस्तातल्या लायसन्स-की आणि क्रॅकच्या वाटेला तर जाऊच नका, ज्या मशीनवर बँक आहे त्याच्या तर मुळीच नाही.

यादी अडत असेल किंवा प्रोसेसर जुना असेल तर ईएसयू घ्या. मशीनवर विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे "एन्रोल नाऊ" दिसतं. विंडोज बॅकअपनं सेटिंग्ज सिंक केल्या तर ते फुकट मिळतं. मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलर देऊनही मिळतं, आणि एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतं. सिंक करताना डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सही वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर) जायला लागतात, तिथली फुकट जागा ५ जीबी, मग ती भरली की जागा विकत घ्या म्हणून रोज सूचना. हे टाळायला फोल्डरचं बॅकअप तिथेच बंद करा. सेटिंग्जचं सिंक पुरतं.

तिसरी वाट लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची एक फुकट सिस्टिम. जे मशीन फक्त इंटरनेट, पत्रं आणि यूट्यूबसाठी आहे त्याला ती उत्तम. ४ जीबी रॅमवर छान चालते, आणि पेन ड्राइव्हवरून काहीही न पुसता आधी चालवून बघता येते. मात्र थेट टॅली त्यावर नाही, आणि टोकनवाल्यांनी तिकडे जाऊ नये.

एक चोरवाट दुकानात सर्रास सुचवतात: अटी चुकवून न बसणाऱ्या मशीनवर ११ टाकून देणं. टाकता येते, मी पाहिलं आहे. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षातून येणारं मोठं अपडेट आपोआप येत नाही, पुन्हा तीच कसरत करावी लागते. सुरक्षा अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. मग त्याचीच खात्री नसलेली वाट कशाला धरायची?

काकांच्या मशीनचं उत्तर या तिन्हींत बसलं नाही. त्या हिशेबाला इंटरनेट लागतच नाही. म्हणून मी नेटची वायर काढली, वाय-फाय बंद केलं, आणि त्या मशीनसाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवला, जो दुसरीकडे कुठेही लावायचा नाही. काका मेल आता फोनवर बघतात. फॉक्सप्रो आहे तसाच चालू आहे.

६. बॅकअप, आणि डी ड्राइव्हचा गैरसमज

"माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे, सुरक्षित आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे! सी आणि डी बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. बॅकअप म्हणजे मशीनच्या बाहेर, वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर घेतलेली प्रत. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स फोल्डर, टॅलीचा डेटा, क्रोमचे बुकमार्क आणि पासवर्ड, आउटलुकची मेल फाइल, मुद्दाम घेतलेले फॉन्ट, हे सगळं आठवणीनं घ्या. प्रत घेतल्यावर त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

७. दिवस ठरवा आणि करा

व्यापाऱ्यांसाठी महिन्याची २१ ते ३० ही वेळ बरी. दर महिन्याला भरणाऱ्यांची ११ तारखेची जीएसटीआर-१ आणि २०ची ३बी ही जीएसटी रिटर्न होऊन गेलेली असतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र नको, तेव्हा इन्कम टॅक्स रिटर्नची गर्दी असते. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच.

मशीन दुकानात नेणार असाल तर सोबत ठेवा:
– मशीनचं बिल आणि वॉरंटी कार्ड
– मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि रिकव्हरी कीचा कागद
– टॅलीचा सीरियल नंबर
– प्रिंटरचं मॉडेल
– कामाची यादी

बॅकअपची डिस्क आणि सहीचं टोकन घरी ठेवा. पासवर्ड तिथे स्वतः टाका, लिहून देऊ नका. आणि "फॉरमॅट मत करना, अपग्रेड करना है" हे निघण्याआधी दोनदा सांगा.

घरी करायचं तर विंडोज अपडेटमध्ये ११ दिसत असेल तिथूनच घ्या. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं इन्स्टॉलेशन असिस्टंट. काय ठेवायचं असं विचारलं तर "कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स" निवडा. माझ्या एसएसडीवर दीड तास लागला. मध्ये मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतं, तेव्हा बटण दाबायचं नाही.

८. पहिले दहा दिवस

अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथून "गो बॅक" करून १०वर परतता येतं. ही मुदत वाया घालवू नका. पहिल्याच दिवशी कामाची यादी समोर ठेवा आणि एकेक ओळ खरोखर करून बघा. टोकननं सही करा, पावती छापा, स्कॅन करा, मराठीत चार ओळी टाइप करा. या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप चालवून "मागच्या विंडोजच्या फाइली" पुसू नका. त्या पुसल्या की परतीची वाट बंद होते.

घरातल्या मोठ्यांसाठी दोन बदल लगेच करून द्या. स्टार्टचं बटण मधोमध गेलेलं असतं, ते टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे आणा. आणि उजवं क्लिक केल्यावर जुनी लांब यादी हवी असेल तर "शो मोअर ऑप्शन्स" दाबायचं, हे एकदा हात धरून दाखवा. आमच्या आत्यानं दोन दिवस मशीन उघडलंच नव्हतं, स्टार्ट डावीकडे आल्यावर परत बसली.

जुनं मशीन काढून टाकत असाल तर आधी त्यातली डिस्क काढून घ्या. मग घरासमोर येणाऱ्या नगर निगमच्या गाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, तिथे ते द्या. डिस्क मात्र निदान वर्षभर कपाटात राहू द्या. आमच्याकडे आठ महिन्यांनी अशाच काढून ठेवलेल्या एका डिस्कवर आजोबांचं मृत्युपत्र सापडलं.